बोटभर आखूड

३० मे

ती. आबांना,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

आई म्हणाली, पत्रात तरी आबांना 'तुम्ही' म्हण. मी एक अख्खं पान 'तुम्ही' लिहून बघितलं. वाचलं तर पोस्टमास्तरांना अर्ज केल्यासारखं वाटलं, म्हणून फाडलं. तू तो तूच. फोनचं तर नावच काढू नकोस. परवा मी विचारलं, जेवलास का, तर तू म्हणालास, गाडी नऊची होती. छापखान्यानं तुझे कान खाल्ले ते खाल्लेच, आता पत्रच बरं.

आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. एका खोलीत सामान आहे आणि दुसरीत मी. आई सकाळी सहालाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाते, लोकांचं रक्त तपासते, आणि दुपारी येऊन झोपते. तेव्हा आवाज करायचा नसतो. काल मी इतका आवाज केला नाही की आईच दचकून उठली आणि मी आहे ना ते बघायला बाहेर आली.

शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा वर्गाच्या बाई भेटल्या. त्यांचा एक नियम आहे. पहिले दोन आठवडे नवं काही आणायचं नाही. दप्तर, डबा, पट्टी, कव्हरं, सगळं जुनं, दुरुस्त केलेलं नाहीतर दुसऱ्याकडून घेतलेलं हवं. प्लास्टिक तर अजिबात नको. बाई म्हणतात, शाळेचा पहिला दिवस म्हणजे दुकानदाराचा वाढदिवस नव्हे. वर्गात एक अदलाबदलीचं टेबल असतं. आपल्याला नको ते ठेवायचं, हवं ते उचलायचं. आणि शाळेत गाडीनं कुणी यायचं नाही, सगळ्यांनी एक दोरी धरून रांगेत चालत यायचं. त्याला 'चालती बस' म्हणतात.

हे ऐकून आईचं तोंड एवढंसं झालं. तिनं माझ्यासाठी चाकांचं दप्तर आणलंय आणि चकाकणारी प्लास्टिकची कव्हरं. बाहेर आल्यावर म्हणाली, पहिल्यांदा तुझी शाळेची खरेदी मी केली आणि त्यातही नापास. कव्हरं दुकानदारानं परत घेतली. दप्तर घेतलं नाही. ते आता जुनं व्हायची वाट बघत कोपऱ्यात उभं आहे.

तेव्हा आबा, छापखान्याच्या रद्दीतली आपली कव्हरं पाठव. पुस्तकं सात आहेत, सगळी एका मापाची. उंची माझी एक वीत आणि चार बोटं, रुंदी बरोबर एक वीत. माझ्याकडे पट्टी आहे, पण पट्टीनं मोजलं तर ते आपलं माप होत नाही.

इथं मला कुणी भिंगरी म्हणत नाही. दाखल्यावरचं नाव घेतात, आणि मी दोनदा ओ द्यायलाच विसरले. माझी खुर्ची कुणाला देऊ नकोस.

तुझा लोभ पार्सलात घालून पाठव, जागा उरली तर शेंगदाणेही चालतील.

तुझीच,
भिंगरी


५ जून

चि. भिंगरीस,
आबाचे अ. आ. आणि एक टपली.

तुझं पत्र दोनदा चष्म्यानं वाचलं आणि तिसऱ्यांदा चष्म्याशिवाय. फोनवर तू गाडीचंच विचारलंस असं मी अजूनही म्हणतो. माझे कान गेले असतील, हट्ट गेलेला नाही.

तुझ्या बाई मला आवडल्या. त्यांना सांग, भिंगरीच्या घरी नवीन कव्हर कधी आलेलंच नाही. आणि तुझं नशीबही जोरावर आहे बघ. तुझं पत्र आलं त्याच दिवशी छापखान्यात लहान मुलांसाठी प्राण्यांचा तक्ता छापायला घेतला होता आणि रंग सरकले. पिवळा वाघ पुढं उभा आहे आणि त्याचे काळे पट्टे त्याच्या मागून चाललेत. पोपट फांदीवर, आणि लाल चोच त्याला गाठायला धावतेय. मालक कपाळाला हात लावून बसले. कागद इतका जाड आणि चांगला, आणि सगळे ताव रद्दीवाल्याकडे निघालेले. मी म्हटलं, थांबा, आमच्या भिंगरीच्या शाळेला हाच वाघ हवाय.

माप तू दिलंस तसंच घेतलंय. कपाटाच्या दारावरच्या तुझ्या पंज्यावर वीत धरली, वर चार बोटं धरली आणि कापलं. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, नुसत्या घड्या. उभं आयुष्य कागद कापण्यात गेलंय माझं, केसभर चूक निघाली तर माझा कान पकड, तसाही तो काही कामाचा नाही. कव्हरं जरा जास्तच झालीत. हात चालू होता, चालू दिला. पेन्सिलींची थोटकं टाकू नकोस, त्यांच्यासाठी कागदाच्या नळ्या वळून पाठवल्यात. थोटूक नळीत खोचलं की पुन्हा लांब होतं.

यंदा मात्र तुझ्या पंज्याचा ठसा उठवायचा राहून गेला. दरवर्षी आपण शाळेच्या आदल्या दिवशी उठवतो, आणि यंदा तू त्याच्या आधीच गेलीस. छापखान्याच्या शाईची डबी आणून ठेवली होती. ती तशीच आहे. रॉकेलचा बोळाही तसाच. तुझी आजी असती तर म्हणाली असती, बरं झालं, यंदा टॉवेल वाचला.

मी मजेत आहे. सकाळी फिरून येतो, मग छापखान्यात जाऊन उगाच दोन गठ्ठे इकडचे तिकडे करतो. संध्याकाळी रेडिओ लावतो. तू गेल्यापासून घर फार नीटनेटकं राहतं. जी वस्तू जिथं ठेवावी तिथंच सापडते. त्यानं कंटाळा येतो, एवढंच.

आणि आपला करार विसरू नकोस. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत रडतखडत राहून बघायचं. तोवर नाहीच निभलं तर कागदावर एवढाच एक शब्द लिहायचा: ये. मी कपड्यांची पिशवी भरून दाराशीच ठेवली आहे. आईला मात्र यातलं काही बोलू नकोस, उगीच तिच्या जिवाला लागेल.

कळावे, न कळल्यास उलट टपाली विचारावे.

तुझा
आबा


१४ जून

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. कव्हरं छान आहेत. शाळा छान आहे. बाई पण छान आहेत.

चालत्या बसचा पहिला थांबा माझ्या फाटकाशी आहे, कारण आमचं घर सगळ्यांत लांब. पहिल्या थांब्यावाल्यानं दोरी घरी न्यायची असते. पण आमच्या फाटकापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत शाळेतलं कुणीच राहत नाही. त्यामुळे तिथपर्यंत मी एकटीच अख्खी बस असते. दोरीचं एक टोक माझ्या हातात, आणि दुसरं मागे रस्त्यावर घासत येतं. एक कुत्रा रोज ते टोक धरायला बघतो. कोपऱ्यावर दोन भाऊ चढतात. ते एकमेकांशी बोलतात.

बाक दोघांचा आहे, पण माझ्या बाकावर मीच असते. पलीकडच्या बाकावर एक खूप उंच मुलगी आहे. तिला सगळे शिडी म्हणतात. तीही एकटीच असते. अशा आम्ही दोघी शेजारी शेजारी एकेकट्या बसतो.

नळ्या छान झाल्यात. शेंगदाणे संपले. कव्हरं छान आहेत हे मी लिहिलं का?

आता झोप येतेय. लोभ आहेच, तो काही मी इथं आणताना सांडला नाही.

तुझी
भिंगरी


१८ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहून किती दिवस झाले. दोन पाळ्यांच्या मधे झोप मिळते, पत्राला वेळ मिळत नाही. आज झोप बाजूला ठेवली आहे, कारण सांगायचं आहे ते थांबण्यासारखं नाही.

तुम्ही पाठवलेली कव्हरं सगळी बोटभर आखूड आली. पुस्तक घातलं की खालची पट्टी उघडी राहते. पहिल्या दिवशी वर्गातली मुलं हसली, म्हणाली, पुस्तकांना कुणाच्या चड्ड्या घातल्यात? दोन दिवस ती पुस्तकं छातीशी धरून, उघडा भाग हातानं झाकून शाळेत गेली. मला कळलं ते माझी चिकटपट्टी संपली तेव्हा. पोरीनं दुपारी मी झोपल्यावर सातही पुस्तकांना खालून पट्ट्या लावल्या होत्या. त्यावर बाईंनी अगदी साधेपणानं सांगितलं की चिकटपट्टी म्हणजे प्लास्टिकच. मग ती घरी येऊन सगळी सोलत बसली. मी म्हटलं, आबांना कळवू या, ते दुसरी पाठवतील. तर म्हणाली, अजिबात नाही, आबा जेवायचे नाहीत.

आणखी एक. तिनं मला एक पाकीट टपालात टाकायला दिलं. तिकीट मी लावायचं म्हणून ते उघडंच होतं. आत कागदावर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात एकच शब्द होता: ये. मी विचारलं तेव्हा तिनं तुमचा करार सांगितला.

बाबा, मला राग आला. माझ्या पाठीमागं करार? मग रडू आलं, तेही लपवत नाही. हे गेले तेव्हा भिंगरी तीन वर्षांची होती. तुम्ही आणि आईनं तिला सांभाळलंत म्हणून मी शिकू शकले, उभी राहू शकले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण इतकी वर्षं मी माझ्या लेकीला सुट्टीत भेटले, पाहुण्यासारखी. ती मला विचारायची, तू परत कधी जाणार? आता कुठं दार उघडल्यावर आत तिच्या चपला दिसतात. एक उलटी आणि एक सुलटी असते. मी त्या सरळ करत नाही.

तो कागद फाडून टाकावासा वाटला. पण तो तिनं तुम्हाला लिहिला आहे, म्हणून सोबत जोडते. तुम्ही न्यायला आलात तर मी आडवी येणार नाही. फक्त माझ्याशी बोलून न्या. दुपारी मी घरी असते.

तब्येतीला जपा. रागावले आहे, पण माया तिच्या जागी आहे.

तुमची
बेबी


२३ जून

चि. बेबीस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं तेव्हा चहा घेत होतो. तो तसाच राहिला. आधी तो कागद पाहिला. 'ये' एवढंच. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की पलीकडे उमटलंय. मग तुझं पत्र अर्धंच वाचलं आणि पिशवी उचलली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हाताऱ्याला आनंद झाला आणि त्याच्या पायात बळ आलं.

कुलूप हातात घेतलं. खिडकी लावायची राहिली म्हणून मागं फिरलो, तर कपाटाचं दार उघडं होतं. दारावर तिचे सगळे पंजे, एकावर एक, तिसऱ्या वर्षापासूनचे. सगळ्यांत वरचा मी कव्हरांसाठी वापरला तो. त्याखाली माझ्याच अक्षरात तारीख, मागच्या वर्षीची. तेव्हा तुझं 'बोटभर आखूड' डोक्यात शिरलं. तिनं आत्ताच्या हातानं मोजून पाठवलं, आणि मी मागच्या वर्षीच्या हातानं कापलं. पोर वर्षात बोटभर वाढली. माझ्यासमोर वाढली, रोज माझ्याच ताटाशेजारी जेवली, आणि मला दिसलं नाही. मला वाटलं होतं, हात म्हणजे हात.

उरलेलं पत्र मग खाली बसून वाचलं. कुलूप परत खुंटीला अडकवलं.

करार तुझ्या पाठीमागं केला हे चुकलंच. ती निघताना फाटकाला मिठी मारून उभी होती, गाडीची वेळ झाली होती, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या कापण्यातल्या चुकीनं तिचं हसं व्हावं आणि त्यापायी तिनं आईचं घर सोडावं, हे मला चालणार नाही. सोबत तिला वेगळं पत्र आहे. आधी तू वाच, मग तिला दे. यापुढे पाकिटं उघडीच राहतील.

चपला सरळ करत नाहीस ते ठीक करतेस. तू लहानपणी तेच करायचीस, आणि तुझी आईही त्या तशाच ठेवायची.

माझी काळजी नको, मी मजेत आहे.

तुझा
बाबा


२३ जून

चि. भिंगरीस,
आबाचे अ. आ. आणि यावेळी टपली स्वतःला.

तुझा शब्द पोचला. मी शब्दाला पक्का आहे, तेव्हा येणार म्हणजे येणार. पण आधी माझं थोडं ऐक.

कव्हरं आखूड आली हे मला कळलंय. आणि हो, जेवलो. चूक वाघाची नाही आणि तुझी तर नाहीच. पुस्तकं पाचवीतल्या भिंगरीची, आणि मी हात धरला चौथीतल्या भिंगरीचा. एवढ्या वर्षांत छापखान्यात कुणी माझ्या कापण्याला नाव ठेवलं नाही, आणि घरच्याच कामात मी तोंडावर आपटलो. आता तू अशीच निघून आलीस तर मुलं म्हणतील, आखूड चड्डीवाली पळाली. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

म्हणून आधी तुझा आत्ताचा पंजा कागदावर उठवून पाठव. बोटं नीट ताणून, वीत पूर्ण येऊ दे. मी नवी कव्हरं कापतो. ती घालून वर्गात जा. एकदा ताठ मानेनं बसून बघ. त्यानंतरही तोच शब्द लिहावासा वाटला तर लिही, पण आईच्या देखत लिही. त्याच दिवशी मी गाडीत बसेन. कसला दुसरा विचार करणार नाही.

हसणाऱ्यांचा राग धरू नकोस. मागून पट्टे येणारा वाघ बघून मीसुद्धा पोट धरून हसलो होतो. आपण त्या हसण्यात सामील झालो की त्यातली निम्मी हवा जाते.

पत्राची वाट बघतोय. पंज्याची त्याहून जास्त.

तुझा
आबा


४ जुलै

ती. आबांना,
माझा आणि आणखी एकीचा शि. सा. न. वि. वि.

सोबत दोन पंजे आहेत. छोटा माझा. मोठा बघून घाबरू नकोस, तो शिडीचा आहे.

झालं असं की आईनं लॅबमधलं शिक्क्याचं पॅड आणलं, पण सकाळी घाईत ठसा राहिला, म्हणून मी ते शाळेत नेलं. मधल्या सुट्टीत मी बाकावर हात उठवत होते तर शिडी येऊन उभी राहिली. शाळा सुरू झाल्यापासून तिला कुणाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिनं विचारलं, पंजा कुणाला पाठवतेस? मी सगळं सांगितलं. चौथीतल्या हाताचंसुद्धा. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही हसू आलं. मग ती म्हणाली, तिचाही हात कुणीतरी मोजावा, आणि पॅडवर ठेवला. तुला जमलं तर तिलाही कव्हरं कर. तिला पोपट हवाय, ज्याची चोच मागं राहिलीय तो.

आता आखूड कव्हरांचं ऐक. शिडीचा धाकटा भाऊ दुसरीत आहे. त्यांची पुस्तकं लहान असतात. तिनं एक कव्हर त्याच्या पुस्तकाला घालून बघितलं तर फिट्ट बसलं. मग आम्ही दोघींनी तुझी सगळी कव्हरं अदलाबदलीच्या टेबलावर ठेवली. दुसरीच्या मुलांनी धाड घातली. आता दुसरीतला निम्मा वर्ग पट्टे सुटलेला वाघ घेऊन हिंडतो, आणि जी मुलं मला हसली होती ती विचारतात, आमच्या मापाची कधी येणार? मी म्हटलं, आधी हात द्या.

शिडी आता माझ्याच बाकावर बसते. तिचं घर शाळेच्या मागंच आहे, तिला बस लागतसुद्धा नाही. तरी ती सकाळी उलटी चालत माझ्या फाटकापर्यंत येते आणि दोरीचं दुसरं टोक धरते. कुत्र्याला वाईट वाटलं.

आबा, आता जे लिहिते त्यावर रागावू नकोस. मला अजून रडू येतं, पण फक्त दुपारी. आधी सकाळीही यायचं. आणि आईला ते कळलंय, म्हणून ती आता मला शेजारी घेऊन झोपते. मला झोप येत नाही, पण मी हलत नाही. तिचा हात माझ्या हातावर असतो. करमत नाहीच, पण करमेल असं वाटायला लागलंय. तो शब्द मला परत घ्यायचाय. तू म्हणतोस, छापलं की छापलं. पण मी तो छापला नव्हता, पेन्सिलीनं लिहिला होता.

अजून एक. पुस्तकं सात, आणि पार्सलात कव्हरं निघाली तीसच्या वर. मी आईला विचारलं, आबांनी एवढी का केली? ती म्हणाली, हात रिकामा राहिला की त्यांना घर खायला उठत असेल. मग मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. तू दर वेळी 'मजेत' लिहितोस. आबा, मीसुद्धा त्या पत्रात 'छान' लिहिलं होतं. किती वेळा ते मोजून बघ.

तर आता करार उलटा. मला लागत नाही, म्हणून तो मी तुला देते. तुला तिथं करमलं नाही तर तू लिही. एकच शब्द. सुट्टी लागली की आई आणि मी त्याच दिवशी गाडीत. हे आईच्या देखत लिहितेय, ती समोर बसून मान हलवतेय. ती म्हणाली, आबांना मजेत लिहायची फार वाईट खोड आहे, तेव्हा खोटं लिहिलं तर धरणार नाही.

पंजे कपाटावर लाव. माझा नेहमीच्या जागी आणि शिडीचा जरा उंचावर, तिच्या उंचीला शोभेल असा.

तुझ्यावर लोभ आहे, तो बोटभर वाढलाय.

तुझीच,
भिंगरी


११ जुलै

चि. भिंगरीस,
तुला, शिडीला आणि तुझ्या आईला आबाचे अ. आ.

दोन्ही पंजे पोचले. कव्हरं आज पार्सलानं रवाना केली. तुझी सात, शिडीची सात, त्याहून एक जास्त नाही. या खेपेला वीत धरली, बोटं धरली, वर पट्टीही धरली. छापखान्यातल्या पोरांनी थट्टा केली, म्हणाले, आजोबा आता पट्टीवर आले. मी म्हटलं, आमची नात वाढते, वीत भरवशाची राहिली नाही. शिडीचा पोपट मुद्दाम शोधून काढलाय. चोच इतकी मागं राहिलीय की ती तिच्या पुस्तकाच्या मागल्या बाजूला सापडेल.

ते पंजे डिंकानं कपाटावर लावले. तुझा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून पाहिला, बरोबर बोटभर मोठा आहे. बराच वेळ बघत उभा राहिलो. शिडीचा वर लावायला स्टुलावर चढावं लागलं. आईला सांगू नकोस. नाही, सांग. आता लपवाछपवी बंद.

तुझा शब्द तू परत घेतलास ते उत्तम केलंस. पिशवी दाराशी भरलेली होती ती आज रिकामी केली. सदरे घडी घालून कपाटात ठेवले. तुला आणायला मी येणार नाही. तू तिथंच राहा, आईच्या शेजारी झोप, शिडीला दोरीचं टोक दे, आणि मोठी हो. हे मी मनापासून लिहितोय, मन मारून नाही.

इथपर्यंत लिहून 'मी मजेत आहे' असं लिहिलं आणि पत्र संपवलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. तुझे 'छान' मोजले. वर नीट बघशील तर खोडल्याची खूण दिसेल.

चहा अजून दोन कप होतो. दुसरा मीच पितो, गार झाल्यावर. रेडिओ मोठ्यांदा लावतो तो ऐकू यावं म्हणून नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. संध्याकाळी पाच वाजता मी फाटकाशी जातो, कारण तेव्हा तुझी शाळा सुटायची. तिथं कुणी येत नाही हे मला माहीत आहे. तरी जातो. भिंगरे, मला करमत नाही.

कायमची नको. सुट्टीपुरती, आईला घेऊन. सुट्टी संपली की मीच तुम्हाला गाडीत बसवून देईन, फाटकाला मिठी मारू देणार नाही. शाईची डबी अजून भरलेली आहे. आईचाही पंजा उठवू, तिचा तिच्या लहानपणानंतर राहिलाच आहे.

लोभाचं काय लिहू, त्याचं माप माझ्या वितीत बसत नाही.

तुझा
आबा

ये.